काच दिसू द्या

फेब्रुवारी २०१९ मध्ये सॅमसंगचा गॅलॅक्सी फोल्ड बार्सिलोनाच्या मोबाइल वर्ल्ड काँग्रेसमध्ये मांडला गेला तो काचेच्या पेटीत. कॅमेरे पेटीभोवती गोळा झाले, पण घडीचा हा फोन हातात घेऊन उघडमीट करण्याची मुभा तिथे नव्हती. अशा वेळी कसबी कॅमेरामन काय करतो ते पाहण्यासारखे असते. तो लेन्स काचेला जवळजवळ टेकवतो, बाजूने काळे कापड धरतो, हॉलमधल्या दिव्यांचे प्रतिबिंब घालवतो आणि फोन असा टिपतो की मधे काच आहे हे घरी बसलेल्याला कळूही नये. चित्र देखणे येते. पण सगळ्यांत महत्त्वाची बातमी त्यातून गळून पडलेली असते: विक्रीला दोन महिने उरले असताना कंपनी हा फोन कोणाच्या हाती द्यायला तयार नाही. एप्रिलमध्ये समीक्षकांना फोन मिळाले आणि काही दिवसांतच त्यांतल्या काहींचे पडदे बिघडले. २६ एप्रिलला ठरलेली विक्री पुढे ढकलावी लागली. दुरुस्त्या होऊन फोन बाजारात आला तो सप्टेंबरमध्ये. ज्यांच्या चित्रणात काच दिसत होती त्यांनी हे भविष्य वर्तवले होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. काचेमागची प्रत्येक वस्तू कच्ची नसते. पण शंकेला जागा होती, आणि ती जागा प्रेक्षकाला दाखवणे हे चित्रण करणाऱ्याचे काम होते.

तंत्रज्ञानाच्या प्रदर्शनांत व्हिडिओ चित्रण कसे करावे, यावरच्या या पुस्तकाचा सारा भर या एका मुद्द्यावर आहे. प्रदर्शनात जे दिसते ते दाखवणाऱ्याने रचलेले असते. दिवे त्याचे, गालिचा त्याचा, बोलणारा माणूस पढवून आणलेला, पडद्यावर फिरणारी चित्रे खास त्या पडद्यासाठी निवडलेली. यात लपवाछपवी नाही. स्टॉलचे भाडे भरणारा आपला माल चांगलाच मांडणार. मात्र वस्तू कशी दिसते याच्या बरोबरीने ती कोणत्या अटींवर दाखवली गेली, हे कॅमेऱ्याने टिपले नाही तर त्याने केलेले काम आणि कंपनीच्या जाहिरात विभागाचे काम यांत फरक उरत नाही. आणि जाहिरात विभागाकडे दिवे अधिक चांगले असतात.

हा प्रश्न मुळात निर्माण कसा झाला ते ध्यानात घेतले पाहिजे. आज लास व्हेगासला भरणारे सीईएस १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाले ते व्यापाऱ्यांचे प्रदर्शन म्हणून. व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर १९७० मध्ये, सीडी प्लेअर १९८१ मध्ये आणि डीव्हीडी १९९६ मध्ये याच प्रदर्शनात मांडले गेले. समोर उभा असायचा तो दुकानदार किंवा वितरक. तो बटणे दाबून बघणार, यंत्र उचलून वजन अजमावणार, माल कधी सुटेल, परत आलेला नग कोण घेईल, आपल्याला किती सुटतात हे तिथल्या तिथे विचारणार. रचलेल्या मांडणीवरचा तोडगा त्याच्या हातात आणि तोंडात होता. सीईएस आजही सर्वसामान्यांना खुले नाही. धंद्यातल्या माणसांनाच प्रवेश मिळतो. व्हिडिओने लाखो ग्राहकांना त्या हॉलमध्ये नेले खरे, पण त्यांचे डोळे तेवढे नेले. हात आणि तोंड बाहेरच राहिले. ते काम कॅमेरा घेऊन गेलेल्याने केले नाही, तर पूर्वी दुकानदाराला जेवढे कळायचे त्यापेक्षा कमी आज प्रेक्षकाला कळते, मग चित्र फोरकेमध्ये असो की एटकेमध्ये.

दोन जुनी चित्रणे शेजारी ठेवली की हे नीट दिसते. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स मंचावर होते. त्यांच्या सहकाऱ्याने विंडोज ९८ चालणाऱ्या संगणकाला स्कॅनर जोडला आणि मोठ्या पडद्यावर निळा रंग पसरला: संगणक कोसळला होता. सभागृह हसले, टाळ्या पडल्या, आणि म्हणूनच हे अजून विकायला काढलेले नाही अशा अर्थाची कोटी करून गेट्स यांनी वेळ मारून नेली. काही सेकंदांचे ते चित्रण आजही पाहिले जाते. दुसरे चित्रण ९ जानेवारी २००७चे, सॅन फ्रान्सिस्कोच्या मॅकवर्ल्डमधले. स्टीव्ह जॉब्ज आयफोन दाखवतात आणि कुठेही ठेच लागत नाही. तो फोन तेव्हा किती अर्धाकच्चा होता हे काही वर्षांनी त्यावर काम केलेल्या अभियंत्यांनीच सांगितले. गाण्याचा वा व्हिडिओचा तुकडा वाजे, पण पूर्ण वाजवायला जावे तर फोन बंद पडण्याची धास्ती. आधी ईमेल आणि मग इंटरनेट असा क्रम चाले, उलट क्रमाची खात्री नसे. म्हणून काय कशानंतर करायचे याची वाट आखून दिली होती. सिग्नलच्या पाच दांड्या तर प्रत्यक्ष सिग्नल कितीही असला तरी पाचच दिसाव्यात अशी सोय केलेली होती. पहिल्या चित्रणात कॅमेऱ्याला सत्य फुकट मिळाले. दुसऱ्यात ते त्याच्या आवाक्यातच नव्हते. त्याच्या आवाक्यात एवढेच होते की भाषणानंतर प्रदर्शनाच्या दालनात आयफोन काचेच्या नळकांड्यात फिरत होता आणि तो कोणालाही हाताळता येत नव्हता, हे दाखवणे. पुढे २९ जूनला तो विक्रीला आला आणि चालला. विंडोज ९८ही दोन महिन्यांत बाजारात आले. म्हणजे कोसळलेला डेमो हा मालाच्या नालायकीचा पुरावा नाही आणि बिनचूक डेमो हा लायकीचा दाखला नाही. डेमोवरून निकाल देता येत नाही. डेमो कसा झाला याची नोंद ठेवता येते, आणि ती पुढे निकाल देणाऱ्याच्या उपयोगी पडते.

मग ही नोंद ठेवायची कशी? दाखवणाऱ्याचा हात आणि वस्तू एकाच चौकटीत हवीत, म्हणजे बटण कोणी दाबले ते दिसते. डेमोची निदान एक फेरी न तोडता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत घ्यावी. पडद्यावर जे चालले आहे ते खरोखर चालू आहे की आधी मुद्रित केलेला तुकडा पुन्हापुन्हा फिरतो आहे, हा प्रश्न माइक चालू असताना विचारावा. ‘आम्ही हातात घेऊन बघू का?’ हाही. नकार आला तर तो नकार कापू नये. कित्येकदा चित्रणातला तोच सर्वांत माहितीपूर्ण भाग असतो. मराठी वाचकाला यासाठी व्हेगास गाठण्याची गरज नाही. मोशीला डिसेंबरात भरणाऱ्या किसान कृषिप्रदर्शनाची चित्रणे पाहणारा शेतकरी करमणुकीसाठी ती पाहत नसतो, त्याला पैसे गुंतवायचे असतात. चित्रणात रोटाव्हेटर गालिच्यावर उभा दिसतो, रंग कोरा करकरीत, पात्यांना मातीचा कण नाही. कॅमेरा त्याच्याभोवती गिंबलवरून तरंगत फिरतो आणि मागे संगीत वाजते. त्याला किती एचपीचा ट्रॅक्टर लागतो, काळ्या चिकट मातीत तो चालवून पाहिला आहे का, पाती तालुक्याला मिळतात की मागवावी लागतात, सांगितलेली किंमत अनुदान धरून आहे की वगळून, यातले एकही वाक्य नाही. असे चित्रण देखणे असते, खोटेही नसते. ते निरुपयोगी असते.

तंत्राची बाजू या विचारापासून वेगळी काढता येत नाही, म्हणूनच पुस्तकात प्रकाश आणि शटरवरची प्रकरणे आधी आली आहेत. भारतातून अमेरिकेत जाणारा कॅमेरा बहुधा सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० शटरवर लावलेला असतो, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. तिकडे ती ६० हर्ट्झची. सेटिंग तसेच राहिले तर हॉलमधल्या दिव्यांखाली चित्र लुकलुकते आणि स्टॉलवरच्या पडद्यांवर काळपट पट्टे सरकू लागतात. शटर १/६० किंवा १/१२० केले की दिव्यांचा त्रास बहुतेक संपतो. एलईडी भिंतींचा वेग मात्र त्यांचा स्वतःचा असतो; तिथे शटर बारीक बारीक सरकवत पट्टे थांबेपर्यंत धीर धरावा लागतो. हे सौंदर्याचे प्रकरण आहे असे वाटेल, पण ते खरेपणाचे आहे. पट्टे कॅमेऱ्याने निर्माण केलेले असतात आणि बघणारा त्यांना टीव्हीचा दोष समजतो. याउलट दोन टीव्ही शेजारी ठेवून ऑटो एक्स्पोजरवर त्यांच्या चमकेची तुलना करणारी चित्रणे ढिगाने सापडतात. त्यांत दिसतो तो फरक टीव्हीतला किती आणि कॅमेऱ्याच्या मनाचा किती, हे कोणालाच सांगता येणार नाही. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने पक्के न करता केलेली तुलना दाखवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कॅमेऱ्याला काय काय सोसावे लागते याचा एक मासला जानेवारी २०१९च्या सीईएसने दिला. एका गाडीवरच्या लायडार यंत्राचे फोटो घेताना त्याच्या लेझरने एका कॅमेऱ्याचा सेन्सर भाजला आणि त्यानंतरच्या प्रत्येक चित्रावर जांभळे ठिपके उमटू लागले. डोळ्यांना निर्धोक असलेला लेझर सेन्सरला निर्धोक असेलच असे नाही. स्वयंचलित गाड्या आता प्रत्येक मोठ्या प्रदर्शनात असतात, तेव्हा लायडारवर लेन्स रोखण्यापूर्वी विचारून घ्यावे.

आवाजाबद्दल थोडक्यात. गर्दीच्या हॉलमध्ये वायरलेस साधनांचा भरवसा धरता येत नाही. जून २०१० मध्ये जॉब्ज यांना आयफोन ४ दाखवताना मंचावरच इंटरनेट मिळेना, कारण सभागृहात ५७० वायफाय केंद्रे चालू होती. शेवटी त्यांनी प्रेक्षकांनाच ती बंद करायला सांगितले. ॲपलची ही गत, तर आपल्या कॉलर माइकची काय कथा! पिशवीत वायरचा एक हँड माइक असावा. तो बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ धरता येतो, आणि प्रश्न विचारणाऱ्याचा आवाजही तितकाच स्वच्छ येतो. माझ्या लेखी दुसरे कारण मोठे आहे, कारण प्रश्न ऐकू आला नाही तर उत्तराची किंमत ठरत नाही.

आता आक्षेप. पहिला वेळेचा आहे आणि तो खरा आहे. चार दिवसांत हजारो स्टॉल, प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटे, रात्री हॉटेलवर एडिट, आणि पहाटेपर्यंत व्हिडिओ चढला नाही तर दुसऱ्याचा चढलेला असतो. शिवाय प्रेक्षकाला एका मिनिटाची रील हवी. न तोडलेला डेमो कोण बघतो? याचे उत्तर असे की कापण्याला कोणाचाच विरोध नाही. रील कापलेलीच असणार. पण ‘डेमो कंपनीच्या माणसाने चालवला, आम्हाला हात लावू दिला नाही’ ही एक ओळ पडद्यावर टाकायला तीन सेकंद पुरतात आणि पूर्ण फेरी वेगळी चढवून ठेवायला जास्तीचा एक तास. पहिले असण्याची धडपड तर मला फारशी समजत नाही. शे-दीडशे वाहिन्यांनी एकच फोन एकाच कोनातून एकाच सकाळी दाखवल्यावर त्यांतला पहिला कोण, हे त्या वाहिन्यांखेरीज कोणाच्या लक्षात राहते?

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. अडचणीचे प्रश्न विचारले की पुढच्या वर्षी आमंत्रण येत नाही, आणि आमंत्रणाशिवाय तिकीट, हॉटेल, प्रवेश यांचा खर्च छोट्या वाहिनीला पेलत नाही. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे इथे उपरोधाने कोणी म्हणत नाही. तो व्यवहारच आहे. तो कुठवर जातो हे भारतीयांना २०१२ मध्ये कळले. बर्लिनच्या आयएफए प्रदर्शनासाठी सॅमसंगने भारतातून ब्लॉगर नेले होते. तिथे गेल्यावर आपल्याला कंपनीचा गणवेश घालून तिच्याच स्टॉलवर उभे राहायला सांगण्यात आले आणि नकार दिल्यावर परतीच्या तिकिटाचा प्रश्न उभा राहिला, असे त्यांच्यातल्या एकाने जाहीरपणे सांगितले. सॅमसंगने हा गैरसमज असल्याचे म्हणत खेद व्यक्त केला. त्यांची परतण्याची व्यवस्था केली ती नोकियाने. (प्रतिस्पर्ध्याच्या या औदार्यालाही प्रसिद्धी चांगली मिळाली, हे नोंदवायला हरकत नाही.) दबाव कंपनीकडूनच येतो असेही नाही. २०१३च्या सीईएसमध्ये सीनेट या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाच्या संपादकांनी डिश कंपनीच्या हॉपर या यंत्राला पुरस्कार द्यायचे ठरवले, पण तेव्हा सीनेटची मालक असलेल्या सीबीएसचा डिशशी खटला चालू होता, म्हणून वरून हुकूम आला आणि ते यंत्र यादीतून गेले. एका वार्ताहराने राजीनामा दिला आणि आयोजकांनी पुरस्कारांसाठीचे सीनेटशी असलेले नाते तोडले.

यावर उपाय काय? परक्याच्या खर्चाने जाऊ नका, असा सोवळा उपदेश हे पुस्तक करत नाही. जा, पण सांगा. अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने २०२१ मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी नियम घालून दिले आहेत. फुकट मिळालेली वस्तूच नव्हे, सहल आणि हॉटेलातला मुक्कामही त्यांत हितसंबंध म्हणून धरला जातो, आणि तो उघड करायचा तो ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत. मराठी व्हिडिओखाली बारीक अक्षरांत इंग्रजी हॅशटॅग टाकून भागणार नाही. प्रवासाचा खर्च अमक्या कंपनीने केला, हे वाक्य पहिल्या अर्ध्या मिनिटात बोलून टाकावे. त्याने आमंत्रणे कमी होतील का? काही होतील. पण प्रदर्शनात मोजकेच बडे खेळाडू नसतात. कडेच्या दालनांतले लहान उद्योजक, ज्यांच्याकडे एक टेबल आणि दोन खुर्च्या असतात, ते प्रश्नांना घाबरत नाहीत; बहुतेकदा ज्याने यंत्र बनवले तोच समोर उभा असतो आणि कोणी नीट विचारतो आहे याचाच त्याला आनंद होतो. खरी साहित्याची खाण तिथे आहे.

कंपन्या स्वतःच उत्तम व्हिडिओ देतात, मग आपण जायचे कशाला, असाही एक प्रश्न येतो. त्याचा अनायासे प्रयोग होऊन गेला आहे. करोनामुळे ११ ते १४ जानेवारी २०२१ चे सीईएस पूर्णपणे ऑनलाइन झाले. हॉल नाही, स्टॉल नाही, बाहेरचा एकही कॅमेरा नाही. जे दिसले ते कंपन्यांनी स्वतः चित्रित केलेले. कोणताही डेमो फसण्याची त्यात सोयच नव्हती. आणि कंपनीचा एकटा कॅमेरा काय करू शकतो हे निकोला कंपनीच्या ट्रकने दाखवले आहे. २०१८ मध्ये प्रसारित झालेल्या व्हिडिओत हा ट्रक रस्त्याने झोकात धावतो. प्रत्यक्षात तो उतारावरून घरंगळत होता. सप्टेंबर २०२० मध्ये हे उघडकीला आले आणि तो स्वतःच्या शक्तीवर चालत नव्हता हे कंपनीलाही मान्य करावे लागले. रस्त्याच्या कडेला दुसऱ्या कोणाचा तिऱ्हाईत कॅमेरा असता तर उतार पहिल्याच दिवशी दिसला असता. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये असा कॅमेरा नेता येतो, हेच त्याचे मोल.

याचा अर्थ चित्रण करणाऱ्याने फौजदार व्हावे असा मात्र नाही. २००८च्या सीईएसमध्ये गिझमोडो या संकेतस्थळाच्या लोकांनी कुठलाही टीव्ही बंद करणारा छोटा रिमोट खिशात नेऊन स्टॉलवरचे पडदे, चालू असलेली सादरीकरणे धडाधड बंद केली आणि त्याचा व्हिडिओ टाकला. त्यांच्यातल्या एकाला पुढे प्रदर्शनाची दारे बंद झाली, आणि ते योग्यच झाले असे मला वाटते. गेट्स यांचा संगणक आपोआप कोसळला म्हणून त्या चित्रणाला किंमत आहे. कोणी तार ओढून तो पाडला असता तर ती उरली नसती.

राहता राहिली जपणूक. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका संगणक परिषदेत डग्लस एंगलबार्ट यांनी नव्वद मिनिटांचे प्रात्यक्षिक दिले. माउस, मजकुरातले दुवे, दूरवरच्या सहकाऱ्याशी पडद्यावर बोलत एकत्र काम करणे, हे त्यात पहिल्यांदा जाहीरपणे दिसले. मेन्लो पार्कच्या त्यांच्या प्रयोगशाळेतला कॅमेरा स्ट्यूअर्ट ब्रँड यांच्या हाती होता. त्या चित्रणात एंगलबार्ट यांचा चेहरा, पडद्यावरचा मजकूर आणि माउसवरचा हात हे सारे पाहता येते, आणि म्हणून पन्नास वर्षांनंतरही त्या दिवशी नेमके काय चालले आणि कसे चालले हे तपासता येते. आपल्याकडे मूळ फुटेज कार्ड रिकामे करायच्या घाईत पुसले जाते आणि संगीत घातलेली तीन मिनिटे तेवढी उरतात. शेवटचे प्रकरण फाइलींना नावे कशी द्यावीत, दोन प्रती कुठे ठेवाव्यात आणि स्टॉल, तारीख, बोलणाऱ्याचा हुद्दा कसा नोंदवावा यावर आहे. ते सगळ्यांत रटाळ आहे, हे मान्य करूनही ते आधी वाचावे अशी विनंती आहे.

ड्रोन आणि थेट प्रक्षेपण हे विषय या पुस्तकात घेतलेले नाहीत. त्यांची परवानग्यांची बाजू स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. ट्रायपॉड, दिवे आणि मुलाखतींविषयीचे आयोजकांचे नियमही प्रत्येक प्रदर्शनात निराळे असतात आणि बदलत राहतात, म्हणून इथल्या परवानगीच्या नमुन्यांवर विसंबून निघू नका. ज्या वर्षी जाणार त्या वर्षीची नियमावली आयोजकांकडून मागवून घ्या आणि तिची छापील प्रत कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवा.